थप्पी कोसळते तेव्हा

सोयाबीन-तुरीचा हंगाम आला की मोंढ्यातली गोदामे पत्र्यापर्यंत भरतात. ५० किलोच्या पोत्यांचे २० थर रचले, तर तळच्या पोत्यावर साडेनऊशे किलोंचा भार येतो. तागाची पोती खरखरीत, एकमेकांना धरून राहतात, प्लॅस्टिकची घसरतात. म्हणून एक थर उभा, त्यावर आडवा असा रचावा आणि खाली लाकडी फळ्या घालाव्यात, कारण ओलीने तळची पोती बसली की थप्पी कलते. माल काढताना घाईने मधलेच पोते ओढू नये. वरून पायऱ्या पाडत उतरावे. ट्रकचा फाळका उघडताना समोर उभे राहू नये, पोती त्यावरच रेललेली असतात.

थप्पीखालून काढलेला हमाल पुष्कळदा उठून बसतो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. मुकादम त्याला चहा पाजून घरी पाठवतो. इथेच घात होतो! आत प्लीहा किंवा यकृत फाटले तरी अंगावर ओरखडाही नसतो. काही वेळाने घाम सुटतो, तहान लागते, चेहरा पांढरा पडतो, नाडी जलद चालते. अशा माणसाला चहापाणी काहीही देऊ नका; शस्त्रक्रिया लागू शकते. मान-पाठ दुखत असेल तर काखेत धरून उचलू नका, फळीवर सरळ झोपवा. १०८ ला फोन करा.

हातपाय बराच वेळ दबून राहिला असेल तर चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.