येणारा उपचार आणि हाताशी असलेला

बालरोगतज्ज्ञाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कारण सांगतो. सुर्ल्यातील माझ्या दवाखान्यात एक आई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. एचपीव्ही लसीचा विषय काढताच ती म्हणाली, "डॉक्टर, यावर आता जीन थेरपी निघाली म्हणे. मग आजच सुई कशाला?" त्या दिवशी गर्दीत मी अपुरे उत्तर दिले. ते येथे पूर्ण करतो.

तिने ऐकले ते अगदीच खोटे नव्हते. हा कर्करोग जवळजवळ नेहमी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो. विषाणूच्या ई-६ जनुकाचे प्रथिन पेशीतील पी-५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते. ई-७ चे प्रथिन पेशीविभाजनावरील लगाम सोडवते. ही दोन जनुके निष्प्रभ केली, तर पी-५३ पुन्हा कार्यरत होते आणि कर्कपेशी मरू लागते. निरोगी पेशीत ही जनुके नसतात. म्हणून लक्ष्य नेमके आहे.

अडचण आहे ती औषध पोहोचवण्याची. जनुकावर काम करणारे आरएनए उघडे दिले, तर रक्तातच त्याचे विघटन होते. म्हणून ते मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत, म्हणजे नॅनोकणांत, गुंडाळतात. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कणांतून क्रिस्पर ही 'जनुक-कात्री' देऊन उंदरांतील गाठी नाहीशा केल्या. परंतु माणसाच्या शरीरात शिरेवाटे दिलेले असे कण बव्हंशी यकृतात जातात, आणि गाठीतील थोड्या पेशी जरी सुटल्या तरी रोग उलटू शकतो. त्यामुळे या कर्करोगावर हा अद्याप नित्याचा उपचार झालेला नाही.

जे सिद्ध झाले आहे, ते मात्र आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला केवळ एकदा एचपीव्ही चाचणी व गरजेनुसार उपचार मिळाले, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

लसीची कथा अधिक विलक्षण. बार्शी व पुणे येथील केंद्रांसह भारतात दोन आणि तीन मात्रांची तुलना चालू होती. २०१० मध्ये शासनाने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांच्या पाहणीत, एका मात्रेनेही १६ व १८ या घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून उत्तम संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीला परवानगी मिळाली.

लस जडलेला संसर्ग बरा करीत नाही. म्हणूनच ती ९ ते १४ या वयात द्यावयाची. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यावी.

एक चूक मात्र कबूल करतो. त्या दिवशी मी मुलीच्या लसीविषयी बोललो. समोर बसलेल्या आईला तिच्या तपासणीविषयी विचारलेच नाही. समव्यवसायी मित्रांनो, मुलाचा ताप पाहताना आईलाही हा एक प्रश्न विचारा. नवा उपचार येईल तेव्हा त्याचे स्वागतच करू. तोवर हाताशी आहे ते वाया जाऊ नये.