परदेशी वैद्याने पाहिलेला फणस

कोकणात घराच्या मागीलदारी उभा असलेला फणस हा तेथील माणसाला विशेष चौकशीचा विषय वाटत नाही. तो कधी फळतो, कसा फोडावा, हाताला खोबरेल का लावावे, आठळ्यांचे काय करावे, हे सारे लहानपणीच अंगवळणी पडलेले असते. परंतु ज्याने असे फळ जन्मात पाहिलेले नाही, त्याच्यासमोर ते प्रथमच आले तर त्याच्या मनात कोणते प्रश्न उभे राहतील? या प्रश्नाचे उत्तर साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात छापल्या गेलेल्या एका पुस्तकात मिळते. त्या पुस्तकाचा कर्ता गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य होय.

गोव्यात आलेला वैद्य

ऑर्ता याचा जन्म पोर्तुगालमध्ये १५०१ च्या सुमारास झाला. स्पेनमधील सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लिस्बन येथे अध्यापनही केले. १५३४ साली मार्तिम आफोंसो द सौझा याच्या आरमाराबरोबर तो गोव्यास आला आणि १५६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतातच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचे वैद्य या नात्याने जाणेयेणे होते. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. म्हणजे कोकण किनारा आणि दख्खनचे पठार या दोहोंशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला होता.

भारतातील औषधी व वनस्पती यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. गोव्यात छापखाना आला तो १५५६ साली. तेव्हा भारतात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांमध्ये या ग्रंथाची गणना होते. ग्रंथात दोन प्रमुख पात्रे आहेत. एक स्वतः ऑर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा, युरोपातून नुकताच आलेला कल्पित विद्वान. रुआनो प्राचीन ग्रीक व अरब ग्रंथकारांचे दाखले देत प्रश्न विचारतो; ऑर्ता आपण या देशात काय पाहिले, काय चाखले आणि येथील लोकांकडून काय ऐकले ते सांगतो. गॅलनसारख्या थोर आचार्याच्या शब्दापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट अधिक प्रमाण मानावी, हे त्या काळी धाडसाचे वाटणारे सूत्र संपूर्ण ग्रंथातून दिसून येते.

अनोळखी फळाची परीक्षा

फणसावरील संवादात रुआनोने फळ ओळखण्यापूर्वीच त्याच्या भाजलेल्या आठळ्या खाल्लेल्या आहेत आणि त्या त्याला चेस्टनटसारख्या लागल्या आहेत. युरोपच्या डोंगराळ भागात चेस्टनटच्या झाडाच्या बिया भाजून खाण्याची जुनी चाल आहे. आठळीप्रमाणेच ती बीही पिठूळ असते. त्यामुळे ही तुलना आजही पटण्यासारखी आहे. यानंतर गरे पुढे येतात. त्यांची चव रुआनोला खरबुजासारखी वाटते, पण उत्तम खरबुजाची सर त्यांना नाही असेही तो सांगतो. ऑर्ता त्याला दुजोरा देतो. गरे चिकट असल्याने पचावयास जड पडतात आणि आपण ते फारसे खात नाही, असे तो मोकळेपणाने नमूद करतो.

कोकणातील वाचकाला हा अभिप्राय रुचणार नाही. तथापि अभ्यासाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. ऑर्ताने फळाची अवास्तव स्तुती केली नाही आणि न आवडलेले फळ म्हणून त्याची नोंद टाळलीही नाही. अनोळखी वस्तूचे वर्णन करताना ज्ञात वस्तूशी तुलना करावी, चव आणि पचन यांविषयीचे मत वेगवेगळे सांगावे आणि आपली आवडनिवड वस्तूच्या वर्णनात मिसळू नये, हे तीन नियम या छोट्या संवादातून शिकता येतात.

त्याच्या नजरेने टिपलेली आणखी एक गोष्ट म्हणजे झाडाला फळे कोठे लागतात ही होय. इतर झाडांप्रमाणे फांद्यांच्या टोकांना नव्हे, तर थेट खोडालाच फणस लगडतात, हे त्याने नोंदविले आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्राने या निरीक्षणात पुष्कळ भर घातली. फणस हे एका फुलाचे फळ नसून शेकडो फुलांच्या गुच्छापासून बनलेले संयुक्त फळ आहे. प्रत्येक गरा एकेका फुलापासून तयार होतो आणि सालीवरील प्रत्येक काटा ही एकेका फुलाची खूण असते. ज्या फुलांचे फलन होत नाही त्यांच्या गऱ्यांमधील चिवट पाती होतात. झाडावर येणाऱ्या फळांत फणस हे जगातील सर्वांत मोठे फळ मानले जाते.

नावाची चौकशी

ऑर्ताने फळाबरोबर त्याच्या नावांचीही चौकशी केली. मलबारात त्यास ‘जाका’ म्हणतात, तर गोव्याकडील लोक आणि गुजराती ‘पनस’ म्हणतात, असे तो लिहितो. मल्याळममधील ‘चक्का’ या शब्दाचे पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जाका’ झाले आणि त्यावरूनच पुढे इंग्रजीतील ‘जॅकफ्रूट’ हे नाव आले. संस्कृत ‘पनस’ आणि मराठी ‘फणस’ यांचे नाते तर उघडच आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे झाड ब्राझीलमध्ये पोहोचले. तेथे ते आजही ‘जाका’ याच नावाने ओळखले जाते. रिओ द जानेरो शहरालगतच्या तिजुका अरण्यात तर फणसाचा प्रसार इतका झाला की, मूळच्या झाडांना त्याचा उपद्रव होऊ लागला.

निरनिराळ्या भाषांतील नावे जमविण्याचा हा खटाटोप केवळ हौसेखातर नव्हता. एका वनस्पतीचे नाव दुसरीला लावले गेले तर रुग्णाला भलतेच औषध मिळते, हे वैद्य असलेल्या ऑर्ताला पक्के ठाऊक होते.

सांगणारे कोण होते?

फणस कोणता भाग टाकून खावा, आठळ्या भाजाव्यात की उकडाव्यात, हे परदेशी माणसाला झाड पाहून कळत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते. ऑर्ताच्या घरातील नोकर, बागेतील माणसे, बाजारातील विक्रेते आणि येथील वैद्य हेच त्याचे खरे शिक्षक होते. ग्रंथात मालुपा नावाचा एक स्थानिक वैद्य आढळतो. परंतु इतर बहुतेकांची नावे मागे राहिली नाहीत. पुढे सुमारे शंभर वर्षांनी कोचीन येथे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ पासून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात मात्र इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी वैद्य यांची नावे सन्मानाने दिलेली आहेत. त्या तिघांचे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. या ग्रंथातही फणसाचे वर्णन आहे.

ग्रंथ वाचला, ग्रंथकार नाही

ऑर्ताचे कुटुंब मूळचे ज्यू होते आणि त्याच्या आईवडिलांना सक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागला होता. गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, सुरू झाले. ऑर्ताच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ऑर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. परंतु त्यापूर्वीच, १५६७ मध्ये, क्लूझियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध केला होता. त्यामुळे भारतीय फळे व औषधी यांची माहिती युरोपभर पसरली. लेखकाची हाडेही ज्यांनी शिल्लक ठेवली नाहीत, त्यांना त्याने लिहून ठेवलेले ज्ञान मात्र नष्ट करता आले नाही.

आजचा धडा

हा इतिहास आजच्या फणसालाही लागू पडतो. कापा आणि बरका हे फणसाचे दोन ढोबळ प्रकार सर्वांना माहीत आहेत. कापा खावयास आणि तळलेल्या गऱ्यांस, बरका सांदणे व फणसपोळीस, हे गृहिणींना सांगावे लागत नाही. परंतु आठळीपासून वाढलेले प्रत्येक झाड आपल्या परीने निराळे असते. त्याच्या गऱ्यांची गोडी, रंग, चिकाचे प्रमाण व फळण्याचा काळ ही दुसऱ्या झाडासारखी असतीलच असे नाही. उत्तम गुणांचे झाड कलमानेच राखता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जात याच निवडीच्या मार्गाने पुढे आणली. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळाचा मान दिला.

उलटपक्षी, चांगल्या इमारती लाकडासाठी एखादा जुना फणस तोडला गेला, तर त्याची ती विशिष्ट चव पुन्हा मिळत नाही. असे झाड कोठे आहे, त्याला गावात काय नावाने ओळखतात, त्याची फळे केव्हा पिकतात आणि घरातील वडीलधारी स्त्री त्याचे काय काय करते, हे गावच्या शाळेतील मुलांनाही एका वहीत लिहून ठेवता येईल. परक्या मुलुखातून आलेल्या वैद्याने न आवडलेल्या फळासाठी जेवढे श्रम घेतले, तेवढे आपल्या अंगणातील आवडत्या फळासाठी आपण घेणे अवघड नाही. मात्र सांगणाऱ्याचे नाव त्या वहीत अवश्य असावे.