उसाची जात कशी तयार होते?

आमचे शेत वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आहे. घराजवळची जमीन चांगली काळी आहे, पण नदीकडचे वीस गुंठे खारवट झाले आहेत. उन्हाळ्यात तिथे पांढरे मीठ फुटते. मागे तिथे लावलेला ऊस माझ्या गुडघ्याएवढाच राहिला आणि पिवळा पडला. आबा म्हणाले, "ती पट्टी आता पड टाका." पण वडील पाडेगावला बेणे आणायला निघाले. मीपण टेम्पोत बसून गेलो.

पाडेगाव सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात आहे. तिथले ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झाले. मी तिथल्या साहेबांना विचारले, "नवीन ऊस कसा करतात?" त्यांनी सांगितले ते असे.

आपण उसाची कांडी लावतो. कांडीच्या डोळ्यातून येणारा ऊस आईसारखाच असतो. नवीन जात हवी असेल तर बी लागते. उसाच्या तुऱ्यात बारीक बी असते. कोइमतूरची हवा तुरा येऊन बी धरायला चांगली, म्हणून दोन जातींचा संकर तिथे करतात व बी पाडेगावला आणतात. एकाच तुऱ्यातले प्रत्येक रोप वेगळे निघते, जशी एका घरातली भावंडे.

मग रोपांची परीक्षा सुरू होते. जाडी किती, रस गोड आहे का, काणी रोग येतो का, वाऱ्याने लोळतो का, खोडवा चांगला येतो का, हे सगळे बघतात. हजारो रोपांतून एखादेच पास होते. त्याला दहा-बारा वर्षे लागतात. मी दहा वर्षांचा आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी पेरलेले रोप अजून परीक्षाच देत असेल!

नावाचीपण गंमत आहे. को ८६०३२ मध्ये 'को' म्हणजे कोइमतूर आणि ८६ म्हणजे १९८६ साल. ही जात १९९६ साली महाराष्ट्राला मिळाली. तिचे दुसरे नाव नीरा. तिला साखर चांगली उतरते. फुले २६५ ही जात पाडेगावने २००७ साली दिली. ती खारवट जमिनीतही तग धरते.

वडिलांनी घराजवळ ८६०३२ ठेवला आणि नदीकडे फुले २६५ लावला. नुसती जात बदलून भागत नाही, म्हणून त्यांनी चरही काढला आणि पाणी बेताने दिले.

आता नदीकडचा ऊस माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. कडेला थोडा बारीक आहे, पण हिरवा आहे. आबा रोज संध्याकाळी तिकडे चक्कर मारतात. पड टाकायचे आता बोलत नाहीत.

मित्रांनो, एकच ऊस सगळ्या जमिनींना चालत नाही. आधी जमीन ओळखावी, मग जात निवडावी. बेणे नऊ-दहा महिन्यांचे व निरोगी घ्यावे आणि दर तीन वर्षांनी बदलावे. हे घरी जाऊन जरूर सांगा.