पगार वाढला, गोळ्या बंद?

प्रश्न : माझ्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मुलाच्या ईएसआयसी कार्डावर मिळतात. ऑगस्टपासून त्याचा पगार २१ हजारांच्या वर गेला. आता गोळ्या बंद होणार का?
– एक वाचक, खडवली

उत्तर : लगेच नाही, ताई. कामगार विम्याची वर्गणी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाहींत मोजतात. २०१७ साली लागू झालेली २१,००० रुपयांची मर्यादा मधेच ओलांडली, तरी सहामाही संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते : मुलाच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. एप्रिल-सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर तिचा हक्क पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. म्हणजे जूनअखेरपर्यंत औषधे मिळायला हवीत. दवाखान्यात कुणी नाही म्हटले, तर मुलाला पगाराच्या पावत्या घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात पाठवा. नोकरी सुटली तरी हिशेब हाच.

खरी अडचण जुलैपासून. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच की, असे पुष्कळ घरांत म्हणतात. पण ती रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजची गोळी तिच्यातून मिळत नाही. थोड्याशा पगारवाढीपायी आईची औषधे खिशातून आणावी लागणार असतील, तर वाढ घरात पोचतच नाही. ही मर्यादा महागाईबरोबर दरवर्षी सरकलीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्यासाठी पहिले ठिकाण प्राथमिक आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत; उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालयही त्यातच येते. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय मात्र महापालिकेचे, तिथले नियम वेगळे. सरकारी दवाखान्यात एखादी गोळी संपलेली असेल, तर जनऔषधी केंद्रात जा. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीचे नाव नव्हे, तर मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन असे औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. किंमत बरीच कमी पडते.

पुरवून वापरायची म्हणून एक दिवसाआड गोळी कधीही घेऊ नका. बीपी वाढले तरी बहुधा काही दुखत नाही, म्हणून त्यात धोका जास्त. जुन्या चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद घेऊन मे महिन्यातच आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, म्हणजे जुलैत खंड पडणार नाही.