पायाची जुनी जखम : मलमापेक्षा पट्टी महत्त्वाची

शेतात, दुकानात किंवा चुलीपुढे वर्षानुवर्षे उभे राहून काम करणाऱ्या पुष्कळांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळपट होते, खाज सुटते, संध्याकाळी पाय सुजतो. मग साध्या खरचटण्यानेही, बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूस, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. कोणते मलम लावावे, असा प्रश्न पडतो. आम्ही सांगतो, आधी कारण समजून घ्या.

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. पायाच्या शिरांतही अशाच झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त घोट्याशी साचते आणि त्याच्या दाबाने कातडी दुबळी होते. हा दाब मलमाने उतरत नाही. नीट बांधलेल्या पट्टीने उतरतो.

पट्टी बांधण्यापूर्वी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्यावी. पाऊल थंड पडत असेल, रात्री फार दुखत असेल, मधुमेह किंवा विडी-सिगारेटचे व्यसन असेल, तर घट्ट पट्टी घातक ठरू शकते. तळव्यावर न दुखणारी जखम असल्यास मधुमेह व कुष्ठरोग यांची तपासणी करावी.

जखम उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवावी, न चिकटणारी जाळी ठेवावी, भोवतालच्या कोरड्या कातडीला व्हॅसलीन लावावे. राख, चुना, तंबाखू लावू नये; शेणाने तर धनुर्वाताचा धोका. नियोमायसीनसारखी मलमे आपल्या मनाने लावू नयेत. त्यांनी पुष्कळांची कातडी उलट चिघळते. मधाचे नाव फार, पण न्यूझीलंडमध्ये 368 रुग्णांवर केलेल्या व 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पट्टीच्या जोडीला मध वापरूनही जखमा भरण्यात विशेष फरक पडला नाही.

पट्टी सकाळी, सूज चढण्यापूर्वी, बोटांच्या मुळापासून टाचेसह गुडघ्याखालपर्यंत बांधावी. घोट्याशी घट्ट, वर सैल. बोटे निळी पडली वा बधिर झाली तर लगेच सोडावी. रोज चालावे, बसताना-निजताना पाय उशीवर उंच ठेवावेत.

शिरांवरील उपचाराबद्दलही डॉक्टरांना लवकर विचारावे. जखम भरल्यावरही दाब देणारे मोजे सोडू नयेत, नाहीतर ती पुन्हा उघडते.