धरणीकंपानंतरची घरे

इ. स. १९९३ मधील अनंत चतुर्दशीचा दिवस मावळला. गणरायाला निरोप देऊन लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतील गावकरी झोपी गेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, धरणी हादरली. काही क्षणांतच किल्लारी, सास्तूर व आसपासची अनेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली.

या भागातील जुनी घरे दगडमातीची असत. भिंती जाडजूड आणि वर माळवद, म्हणजे मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. एरवी उन्हापासून रक्षण करणारा हा भारच त्या पहाटे निजलेल्या माणसांवर कोसळला. याउलट, गवताने शाकारलेल्या झोपडीत जीव घेण्याइतके वजन नव्हते. वाडा मोठा म्हणून धरणीने त्याची गय केली नाही.

मग त्या दिवशी गावात सारे समान झाले काय? क्षणभर तसे वाटते खरे. परंतु बागाईतदाराचे घर पडले, तरी त्याचे शेत जागच्या जागी होते. शेतमजुरापाशी मात्र दोन हातांवाचून काही उरले नव्हते.

पुढे शासनाने ५२ गावे नव्या जागी वसविली आणि भूकंपातही टिकतील अशी घरे तेथे विनामूल्य दिली. घराचे आकारमान ठरले ते जमिनीवरून. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, तर त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट!

धान्य व अवजारे ठेवण्यास शेतकऱ्याला अधिक जागा लागते, हे मान्य केले पाहिजे. झोपडीतल्या मजुराला पक्के घर लाभले, हेही थोडके नव्हे. तथापि, मजुराच्या घरी माणसे काही कमी नसतात. जुन्या गावातील लहानमोठेपणा नव्या गावाच्या नकाशातही उतरला.

मुलांनो, संकट सर्वांवर सारखेच कोसळले, तरी त्यातून सावरण्याचे बळ सर्वांपाशी सारखे नसते. म्हणून मदत करताना ‘याचे किती गेले?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याच्यापाशी आता काय उरले आहे?’ हेही विचारले पाहिजे.