हवा, घर आणि शहर

तापलेली हवा प्रसरण पावते, तिची घनता कमी होते व ती वर चढते, हे तुम्ही शिकला आहात. या साध्या नियमाचा उपयोग करून चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पज्ञांनी एक घर बांधले.

कोरियांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेत झाला. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय, मग अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ व एम. आय. टी. येथे शिकून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. त्यांनी अहमदाबादेत बांधलेल्या ‘ट्यूब हाउस’चे छप्पर उतरते होते. तापलेली हवा उताराला लागून वर सरके व माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाई. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा आत येई. वीज न वापरता हवा खेळती!

मग त्यांनी शहराकडे पाहिले. मुंबई दक्षिणोत्तर लांब व अरुंद. कचेऱ्या दक्षिण टोकाला. म्हणून सकाळी सारी गर्दी एकाच दिशेला. नुसते रस्ते रुंद करून हे कसे सुटणार? १९६०च्या दशकात कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे, पूर्वेस नवे शहर सुचविले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया नव्या मुंबईचे मुख्य वास्तुशिल्पज्ञ झाले. शहर उभे राहिले. मंत्रालय मात्र दक्षिण टोकालाच राहिले.

कोरिया २०१५ मध्ये वारले. त्यांच्या कामातून एक गोष्ट ध्यानात ठेवा: हवा घनतेच्या नियमाने वाहते, माणसे कामामागे जातात. झरोका कोठे ठेवायचा, हे आधी प्रवाह पाहूनच ठरवावे लागते.